डिस्कोच्या दारातला प्रसेनजीत

प्रसेनजीतची जन्मतारीख एक जून. माझीही एक जून. आमच्या गावच्या शाळेत निम्म्या वर्गाची एक जूनच होती. आया पोरांना घेऊन यायच्या. हेडमास्तर विचारायचे, जन्म कधीचा. आई सांगायची, भाताची कापणी चालली होती. मग हेडमास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली की सहा वर्षं पुरी. दाखल्यावर एक जून.

पृथ्वीराजचीही तारीख एक जून. पण त्याचा हात कुणी डोक्यावरून नेला नाही. त्याचे वडील बाबासो दूध संघाचे संचालक. अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी हेडमास्तरांना घरी जेवायला बोलावलं. पोरगं आठ वर्षांचं होतं. जेवण झाल्यावर ते सहाचं झालं.

आबांना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. चहाच्या टपरीवर ते स्वतःच सांगायचे. पोराला दोन वर्षं जादा तालमीत घुसळायचं आणि मग बारक्या पोरांच्या गटात उतरवायचं. एवढीच युक्ती. तालुक्यात बरेच जण करायचे. चौदा वर्षांखालच्या गटात पृथ्वीराज पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. समोरचं पोरगं पाठीवर पडल्यावर रडायला लागलं. आबांनी त्या दिवशी गावात पेढे वाटले.

प्रसेनजीतचं घर बौद्धवाड्यात, गावाच्या खालच्या अंगाला. मलकापूरकडून येणारी एसटी तिथूनच वळायची. वडील तो लहान असतानाच गेले. आई बनाबाई आबांच्या गोठ्यात कामाला होती. शेण काढायचं, वैरण टाकायची, म्हशी धुवायच्या. तिला मजुरी मिळायची. प्रसेनजीतला मात्र कशाचीच मजुरी नव्हती. बनाबाईचं पोर म्हणून त्यानं पहाटे पृथ्वीराजला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तालमीत न्यायचं. तासाभरानं परत आणायचं. तो तास प्रसेनजीत बाहेर सायकल धरून उभा असायचा. आत ये असं कुणी म्हटलं नाही. त्यानंही विचारलं नाही. थंडीत तो सायकलची घंटी हातात धरून ठेवायचा. पोलाद गार लागतं, मग हात मरून जातो आणि थंडी कळत नाही, असं त्यानं मला नंतर सांगितलं. हे सांगताना तो हसत नव्हता.

मी आणि तो एकाच वयाचे, एकाच वर्गातले. तेही हाताच्या मापानंच. वारणानगरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. मी साहित्य घेतलं होतं. तो एनसीसीत होता. खोलीत मी वाचायचो आणि तो बूट पॉलिश करायचा. एकदा माझ्याकडची एक कादंबरी त्यानं चार पानं वाचून परत दिली. म्हणाला, "ही माणसं लई बोलत्यात. कामाला कवा जात्यात?"

दुसऱ्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं. गोव्याच्या एका हॉटेलात रखवालदार झाला. तिथून मुंबईच्या एजंटामार्फत जहाजावर गेला. माल वाहणारं जहाज नव्हे. फिरायला जाणाऱ्या श्रीमंतांचं. दहा-बारा मजले, पोहायचं तळं, दुकानं, थिएटर. आणि एक डिस्को. प्रसेनजीत त्या डिस्कोच्या दारात उभा राहायचा. पहिला पगार आला तसं त्यानं बनाबाईचं गोठ्यातलं काम बंद केलं. तिनं दोन म्हशी घेतल्या. धाकटी बहीण तेजस्वी कोल्हापुरात कॉलेजला गेली. सगळं घर त्या दारावर चालायचं.

पहिल्या सुट्टीत तो मला नियम समजावून सांगत बसला. इतका वेळ बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बारा वर्षांपर्यंतची लेकरं खेळण्याच्या खोलीत. तेरा ते सतरा वर्षांच्या पोरांचा वेगळा क्लब. तिथं व्हिडिओ गेम, सरबत, टेबल टेनिस. डिस्कोत त्यांना रात्री दहापर्यंत आईबापांबरोबर नाचता येतं. दहा वाजले की अठराच्या खालचा एकही आत राहता कामा नये. अठरा पुरी झाली की रात्रभर नाचा, पण दारू नाही. दारूला एकवीस. म्हणून अठरा ते वीसवाल्यांच्या मनगटाला हिरवी पट्टी. प्रत्येकाचं कार्ड असतं. दारातल्या मशीनवर धरलं की दिवा लागतो. हिरवा लागला की आत, लाल लागला की माघारी.

"सगळ्यात वंगाळ वय सतरा," तो म्हणाला. "पंधराचं पोरगं ऐकतं. सतराचं म्हणतं, उद्या वाढदिवस हाय, सोडा. कुणाची आई भांडती, कुणाचा बाप नोट काढतो. आमचं ठरल्यालं. लाल म्हंजे लाल."

"आणि चुकून सोडलं तर?"

"दारातल्याची बॅग फुडच्या बंदरात खाली. तिथनं घरी."

मग म्हणाला, "तिथं कुणाचा कोण ते इचारत न्हाईत. कार्ड बघत्यात. मला ते आवडतंय."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत त्याचं जहाज मुंबई-गोवा फेऱ्या करत होतं. त्याचा करार मार्चमध्ये संपत होता. नवा करार मिळणार की नाही हे सुरक्षा अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर होतं. असं त्यानं मला फोनवर सांगितलं. मी त्याला सांगितलं की त्याच्या जहाजावर मीही येतोय. तो आधी हसला. कुणाबरोबर येतोय हे सांगितल्यावर हसू थांबलं.

दूध संघाच्या संचालकांचा अभ्यास दौरा निघाला होता. विषय, जहाजावरील शीतगृह व्यवस्था. दौऱ्याचा अहवाल लिहायला माणूस हवा होता. मी एम.ए. झालो होतो, एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. ते कॉलेज आबांच्या पाहुण्यांचं. मराठीत एम.ए. केलेल्याला इंग्रजीही येत असणार असा आबांचा समज होता. मला कामचलाऊ येत होतं. पृथ्वीराजची नुकतीच राष्ट्रीय शालेय कुस्तीसाठी निवड झाली होती, एकोणीस वर्षांखालच्या गटात. म्हणून बक्षिसादाखल आबांनी त्यालाही बरोबर घेतलं. तो खरा एकोणीस पूर्ण करून बसला होता. कागदावर सतराच पुरी होती. त्याचा आणि तेजस्वीचा जन्म एकाच आठवड्यातला. गावात हे सगळ्यांना माहीत.

शीतगृह आम्ही पाहिलं नाही. पाहायला मिळतं का असं विचारलंही नाही.

संध्याकाळी जेवणाच्या मजल्यावर प्रसेनजीत दिसला. काळा सूट, कानात वायर, केस बारीक. त्यानं मला "गुड इव्हनिंग सर" म्हटलं. फक्त डोळ्यांनी ओळख दिली. आबांनी त्याला निरखून पाहिलं.

"आरं, ह्ये तर बनाबाईचं पोरगं की," ते म्हणाले. ते खूश झाले होते. टेबलावर सगळ्यांना सांगितलं, डिस्कोच्या दारात आपलाच माणूस हाय, आता काय अडचण न्हाय. एका संचालकानं विचारलं, आपला म्हणजे कसा. आबा म्हणाले, आमच्या गोठ्यावरचा.

दहापर्यंत अडचण आलीही नाही. संचालक मंडळी डिस्कोच्या कडेला सोफ्यावर बसली होती. पृथ्वीराज मध्ये नाचत होता. दहाच्या सुमाराला माइकवरून सांगण्यात आलं, मोठा दिवा लागला, पोरंसोरं बाहेर पडली. पृथ्वीराज बाहेर पडला नाही. प्रसेनजीत त्याच्यापर्यंत चालत गेला आणि त्याला काहीतरी सांगितलं. दोघं दारापर्यंत आले. मी दारालगतच उभा होतो.

"दहानंतर अठराच्या खालच्यांना आत थांबता येत नाही, सर," प्रसेनजीत म्हणाला. मराठीतच, पण पुस्तकातलं मराठी.

"ए पश्या, सर कुणाला म्हणतोयस? आवाज बदलला व्हय रं तुझा जहाजावर?"

"कार्ड दाखवा, सर."

पृथ्वीराजनं कार्ड मशीनवर आपटलं. लाल दिवा लागला. मग त्यानं प्रसेनजीतच्या मानेवर हात टाकला आणि आखाड्यात खेचतात तसा हिसडा दिला. प्रसेनजीत अर्धं पाऊल हलला. कानातली वायर निसटून लोंबायला लागली. ती त्यानं परत कानात बसवली आणि वर बोट दाखवलं. वर कॅमेरा होता.

आबा उठून आले. मागोमाग बाकीचे.

"का अडवलास?"

"सतरा आहे, सर."

"एकोणीस हाय. तुझ्या भणीच्या बरोबरचं हाय. तुला ठावं न्हाय?"

"मला ठाऊक आहे," प्रसेनजीत म्हणाला. "मशीनला नाही."

आबांच्या मागून एक संचालक हसला. तो आबांना हसला की प्रसेनजीतला, ते कळलं नाही. आबांनाही कळलं नसावं. त्यांचा चेहरा बदलला. प्रसेनजीत सांगत होता की वरच्या मजल्यावर तेरा ते सतराचा क्लब अजून तासभर चालू आहे. तोच संचालक म्हणाला, "जा की पृथ्वीराज. तकडं लिमलेटच्या गोळ्या देत्यात म्हणं."

आबा प्रसेनजीतच्या अगदी जवळ गेले. हळू बोलले. पण मला ऐकू आलं.

"उद्या गोव्याला तुझी बॅग खाली काढतो. तुझ्या आईला परत शेणात हात घालाय लावतो. बघ तू."

"गुड नाइट, सर," प्रसेनजीत म्हणाला.

सकाळी नाश्त्यालाच आबांनी मला उठवलं. तक्रार करायची होती. इंग्रजी माझं. मी म्हणालो, आबा, सोडा, सुट्टीला आलोय. ते म्हणाले, मास्तर, तुमाला सुट्टीला न्हाई आणल्यालं.

सुरक्षा अधिकारी फिलिपिन्सचा होता. ठेंगणा, चष्मेवाला. त्याच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या. आबा आणि पृथ्वीराज बसले. मी बसलो. प्रसेनजीत दाराशी, हात मागं बांधून उभा. रात्रीचा सूट नव्हता, पांढरा शर्ट होता. मानेवर डाव्या बाजूला लाल वळ दिसत होता.

आबांनी सांगितलं आणि मी इंग्रजी केलं. हा माणूस आमच्या गावचा आहे. आमच्या घरावर याचा जुना राग आहे. त्या रागातून यानं चारचौघांत माझ्या मुलाचा अपमान केला. याला गोव्याला उतरवा.

अधिकाऱ्यानं प्रसेनजीतला विचारलं, या लोकांना ओळखतोस? प्रसेनजीत म्हणाला, हो सर. राग आहे? प्रसेनजीत म्हणाला, कार्ड लाल होतं, सर. अधिकाऱ्यानं हे लिहून घेतलं. रात्रीचं चित्रण आपण पाहिल्याचं त्यानं सांगितलं. मुलानं कर्मचाऱ्याच्या अंगावर हात टाकल्याचं त्यात दिसतं. तरीही पाहुण्यांची तक्रार असेल तर ती वर पाठवावी लागेल. वर काय ठरेल ते आपल्या हातात नाही.

हे आबांना सांगितल्यावर त्यांना धीर आला. वर म्हणजे त्यांच्या ओळखीचा प्रांत.

"त्येला सांग," ते मला म्हणाले, "ह्येची आई आमच्या गोठ्यात शेण काढत हुती. आमच्या तुकड्यावर वाढल्यालं पोर हाय ह्ये. आणि ह्ये आमाला दारात अडीवतंय."

मी थांबलो. मग इंग्रजीत म्हणालो की त्यांचं कुटुंब याच्या कुटुंबाला बऱ्याच वर्षांपासून ओळखतं.

अधिकारी लिहायला लागला. तेवढ्यात प्रसेनजीत बोलला. इंग्रजीत. स्वच्छ, सपाट, वेळापत्रक वाचावं तसं.

"सर, भाषांतर अपुरं आहे. पाहुणे म्हणतात, माझी आई त्यांच्या गोठ्यात शेण काढायची. हे बरोबर आहे. ते म्हणतात, मी त्यांच्या तुकड्यांवर वाढलो. हे बरोबर नाही. तिला कामाची मजुरी मिळत होती. ते म्हणतात, अशा माणसानं त्यांना दारात अडवू नये. एवढं राहिलं होतं."

मला त्याच्याकडे बघवेना. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. आबांना शब्द कळले नव्हते. पण आपण बोललेलं तसंच्या तसं पलीकडं पोचलंय, हे कळलं होतं. त्यांना वाटलं होतं, हा मान खाली घालेल. गावात घालायचा.

मग त्यांचा आवाज चढला.

"आमी खोटं बोलतोय व्हय? सतरा कुटलं? एकोणीस पुरी झाल्यात पोराला. सगळ्या गावाला ठावं हाय. ह्येच्या भणीला इचारा. मास्तर, सांग त्येला. आज एकोणीस हाय, उघड-उघड सांग."

मी तोंड उघडलं. प्रसेनजीतनं मला हातानं थांबवलं. त्या खोलीत तो पहिल्यांदाच आबांशी थेट बोलला, आणि या वेळी गावाच्या मराठीत.

"आबा, ह्ये सांगू नगा. एकदा सांगितलं की त्यो लिवून घेणार. लिवलं की माझ्या हातात न्हाई आणि तुमच्या बी."

"मला शिकीवतोस?"

"शिकवत न्हाई. सांगतोय."

"सांग रं मास्तर!"

मी प्रसेनजीतकडे पाहिलं. तो म्हणाला, "तूच सांग. मी सांगितलं तर माझं म्हणणं हुईल."

मी सांगितलं. वडील म्हणतात, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.

अधिकाऱ्यानं पृथ्वीराजचा पासपोर्ट समोर ओढला. आबांनी दुबईला जायचं म्हणून तो काढला होता. जहाजावर चढताना तोच दाखवला होता. अधिकाऱ्यानं तारीख पाहिली. मग शांतपणे विचारलं, वडील खरं बोलतात की पासपोर्ट? पासपोर्ट खोटा असेल तर ही डिस्कोची गोष्ट उरत नाही. मुंबईला उतरताना बंदरावरच्या पोलिसांना कळवावं लागेल. ते संबंधित सगळीकडे कळवतील. वडिलांनी इथं सही करावी, की जन्मतारीख चुकीची आहे. मग आपण मुलाला अठराच्या वरचा धरू.

मी आबांना एक-एक वाक्य सांगितलं. सही म्हटल्यावर त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

पृथ्वीराज खुर्चीत पुढं सरकला. त्याचा आवाज बारीक निघाला.

"आबा, राष्ट्रीय जाईल माझी."

एवढं मोठं धूड. मांडीएवढी मान. त्या क्षणी तो मला खरोखर सतराचा वाटला. कदाचित त्याहून लहान.

अधिकारी वाट पाहत होता. भिंतीपलीकडं कुठंतरी लेकरं तळ्यात उड्या मारत होती. त्यांचा आवाज येत होता.

"सतरा," आबा म्हणाले.

मी इंग्रजी करायच्या आत अधिकाऱ्यानं हात वर केला. वडिलांनी स्वतः सांगावं, असं तो म्हणाला. आबांना मी ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला पुढच्या वर्षीचे माझे तास तिथंच गेलेले दिसले.

"सेव्हन्टीन," आबा म्हणाले.

अधिकाऱ्यानं लिहिलं. तक्रार मागे का, विचारलं. मागे. सही केली. आता उठायचं, एवढंच राहिलं होतं. पण आबा उठले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, ते झालं ते झालं, पण ह्यानं माफी मागावी. आमी पाहुणं हाय. मी ते सांगितलं. अधिकाऱ्याला यात काही वावगं दिसलं नाही. जहाजावर दिवसातून दहा वेळा माफी मागतात. सरबत कोमट लागलं तरी मागतात. तो प्रसेनजीतला म्हणाला, मागून टाक.

"गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर," प्रसेनजीत इंग्रजीत म्हणाला.

आबांनी मान हलवली. "आपल्या भाषेत. आणि हात जोडून. भाईर सगळी मंडळी बसल्यात, त्यांच्या म्होरं."

अधिकारी मला विचारत होता, काय म्हणतात. मी सांगितलं. तो खांदे उडवून म्हणाला, तुमच्याकडची पद्धत असेल तर करून टाक, आणि हा विषय संपव.

प्रसेनजीतचा करार त्या टेबलावर होता. ज्यानं शेरा लिहायचा तोच माणूस त्याला सांगत होता. दोन हात पुढं आणायचे, एवढंच. मला वाटलं, आणेल. मला मनातून वाटत होतं, त्यानं आणावेत आणि सगळे बाहेर पडावेत.

तो मराठीत म्हणाला, "गैरसोय झाली, दिलगीर आहे." हात मागंच होते.

"हात," आबा म्हणाले.

प्रसेनजीत अधिकाऱ्याकडं वळला. "सर, माफी मी दोन भाषांत मागितली. ती कंपनीची आहे. हात त्यांना माझे हवे आहेत, माझं घर गावात ज्या बाजूला आहे त्यासाठी. हे तुमच्या नियमांच्या पुस्तकात आहे का? असेल तर जोडतो."

अधिकारी त्याच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"नाही," तो म्हणाला. "पुस्तकात नाही." आणि दार उघडून धरलं. आमच्यासाठी.

त्या दिवशी दुपारी जहाज गोव्याला लागलं. प्रसेनजीतची बॅग खाली आली नाही. पृथ्वीराजचं कार्ड कोपऱ्यात भोक पाडून परत मिळालं. त्याचा अर्थ, अंगावर हात टाकणारा अल्पवयीन, पालकांशिवाय कुठंही सोडू नये. परतीच्या प्रवासात आबा जिथं जिथं बसले, तिथं तिथं तो बाजूला बसून होता. आबांनी माझ्याशी शब्दही काढला नाही. बसमध्ये मला मागच्या सीटवर पाठवलं. अहवाल मी लिहिला. जहाजावरील शीतगृह व्यवस्था उत्तम असल्याचं त्यात आहे. जूनमध्ये कॉलेजनं मला कळवलं की तासिकांची गरज उरलेली नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत पृथ्वीराज पहिल्याच फेरीत पडला. समोरचं पोरगं लग्न झालेलं होतं, असं गावात म्हणतात. खरंखोटं माहीत नाही. आबांनी वरपर्यंत आरडाओरडा केला की त्या पोराचं वय तपासा. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, तपासणी सुरू झाली तर सगळ्यांची होईल. ते थांबले.

प्रसेनजीतचा करार झाला. पण अधिकाऱ्यानं शेऱ्यात लिहिलं होतं, कामात चोख, मात्र या भागातल्या पाहुण्यांशी जुने संबंध आहेत, इकडच्या फेऱ्यांवर नेमू नये. कंपनीनं त्याला दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या जहाजावर पाठवलं. तिथंही डिस्कोचंच दार. घरी यायला आता आठ-नऊ महिने लागतात. बनाबाईच्या म्हशींचं दूध आबांच्या हाताखालच्या गावच्या दूध संस्थेत नापास व्हायला लागलं. फॅट कमी, म्हणायचे. तिनं एक म्हैस विकली आणि दुसरीचं दूध मलकापुरात घरोघरी घालायला सुरुवात केली. प्रसेनजीतला तिनं हे कळवलं नाही. मी कळवलं. तो फोनवर म्हणाला, पैसे धाडतो, म्हस परत घ्यायला सांग. आणि आबांबद्दल एक शिवी दिली, ती लिहिण्यासारखी नाही.

डिसेंबरात तो आला. मलकापूरच्या स्टँडवर मी त्याला घ्यायला गेलो. आम्ही चहा घेत उभे होतो. मी त्याला बरेच महिने मनात असलेलं विचारलं. त्या रात्री पोराला अडवताना काय वाटलं?

मला वाटलं, तो म्हणेल, काही नाही, नियम होता.

"लई बरं वाटलं," तो म्हणाला. "आयुष्यात एवढं बरं कवा वाटलं न्हवतं. लाल दिवा लागला तवा मी मनात नाचलो. त्या साहेबानं राग हाय का इचारलं तवा मी हो म्हणणार हुतो. नोकरीसाठी गप बसलो."

"आणि त्यानं हिसडा दिला तेव्हा?"

"तवा तर अजूनच. कॅमेरा हुता की."

हा माणूस माझ्या खोलीत दोन वर्षं बूट पॉलिश करत बसला होता.

"भ्या एकाच गोष्टीचं हुतं," तो म्हणाला. "कार्ड हिरवं निघालं असतं तर? आबांनी ती दोन वर्सं चोरली नसती, तर पोरगं सरळ एकोणीसचं हुतं. मला दार उघडून धराय लागलं असतं. मान वाकवून वेलकम सर म्हणाय लागलं असतं. नोकरीच ती हाय."

"म्हटलं असतंस?"

"म्हटलं असतं." त्यानं ग्लास टपरीवर ठेवला. "आता जूनमधी कागदावर बी अठरा झाल्यात त्येला. आबा गप बसायचा न्हाई. माझं जहाज कुटं हाय ते हुडकून काढंल, तिकिटं काढंल, आणि पोराला घिऊन माझ्याच दारात यील. निस्तं माझ्याकडनं दार उघडून घ्यायला."

एसटी लागली. त्यानं बॅग खांद्यावर टाकली.

"आणि मी उघडणार," तो म्हणाला आणि गाडीत चढला.